बारभाईंची खेती

निधी देणाऱ्या संस्थांच्या अर्जात एक छोटा चौकोन असतो: 'संस्थाप्रमुखाचे नाव'. त्या चौकोनात आम्ही पाच नावं बसवली होती. अक्षर इतकं बारीक करावं लागलं की छापल्यावर मुंग्यांची रांग वाटत होती. दोन दिवसांनी फोन आला. "पाच नावं दिसताहेत. यातलं खरं कुठलं?"

मला त्या प्रश्नाचा राग आला होता. तो किती नेमका होता हे कळायला पुढे जवळजवळ वर्ष गेलं.

आमची संस्था मध्यम आकाराची, चाळीसेक पगारी माणसांची. ताईंनी ती सुरू केली आणि एकोणीस वर्षं चालवली. नव्या कार्यकर्तीच्या घरच्या आजारपणापासून वार्षिक अंदाजपत्रकापर्यंत सगळं त्यांच्या डोक्यात असे, आणि डोक्यातच असे. कागदावर फार थोडं. एका वार्षिक बैठकीच्या शेवटी, लोक पिशव्या आवरत असताना, त्या म्हणाल्या, "मी वर्षभरात थांबते आहे. माझ्यासारखी दुसरी शोधू नका. सापडणार नाही, आणि सापडली तर तुम्हाला परवडणार नाही." लोक हसले. त्या हसत नव्हत्या.

विश्वस्त मंडळाचा विचार सरळ होता: जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, संचालक नेमायचा. आम्ही पाच जुन्या मंडळींनी उलटा प्रस्ताव दिला. बाहेरचा माणूस नको, आम्ही पाचजण मिळून संस्था चालवू. मी प्रस्ताव आणि अहवाल बघायचे. एक मैत्रीण प्रशिक्षणाचं काम बघायची. फील्डचे दोन समन्वयक होते, त्यातले थोरले सगळ्यांचे 'दादा'. पाचवा सहकारी दस्तऐवजीकरण आणि अभ्यासाचं काम पाहायचा. प्रस्तावात आम्ही छान छान लिहिलं: लोकशाही संस्थेच्या आतही हवी, निर्णय कामाच्या जवळ व्हायला हवेत, एका माणसावर संस्था उभी राहणं धोक्याचं. ते सगळं आम्हाला मनापासून पटत होतं. पण खरं कारण आणखी एक होतं आणि ते कागदावर नव्हतं. आमच्यापैकी कुणालाही उरलेल्या चौघांपैकी कुणी आपल्या डोक्यावर बसलेलं नको होतं.

मंडळातले एक निवृत्त लेखापाल विश्वस्त चष्मा काढून म्हणाले, "बारभाईंची खेती, काय लागेल हाती!" मग त्यांनी विचारलं, "महिनाअखेरीला पगाराला पैसे कमी पडले, तर रात्री मी फोन कुणाला करायचा?" आम्ही म्हटलं, कुणालाही करा. "म्हणजे कुणालाच नाही," ते म्हणाले. तरी मंडळाने अठरा महिन्यांची मुदत दिली. ताईंनी शब्द टाकला असावा.

बारभाई शब्द मला चिकटला तो तेव्हापासून. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर, १७७३-७४ च्या सुमारास, राघोबादादांना दूर ठेवण्यासाठी कारभारी आणि सरदार एकत्र आले, ते बारभाई. आपल्याकडे सामूहिक कारभाराला शब्द आहे तो हाच, आणि तो वापरला जातो टोमणा म्हणून. मी बैठकीत सांगायचे की त्या बारभाईंनीच एका लहान बाळाच्या नावाने दौलत सावरली, तेव्हा टोमणा कसला मारता! गोष्टीचा पुढचा भाग मात्र मी सोयीने गाळत असे. तो पुढे येईलच.

पहिले सहा महिने आम्ही 'सगळे मिळून' या शब्दांचा अगदी शब्दशः अर्थ घेतला. दर मंगळवारी दुपारी दोनला बैठक. प्रत्येक विषय पाचांसमोर. सगळे हो म्हणेपर्यंत विषय मिटवायचा नाही. मतदान करायचं नाही, कारण मतदानाने कुणीतरी हरतं.

एका मंगळवारी वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आम्ही पाऊण तास बोललो. निळा की हिरवा. रंगाबद्दल प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं, कारण रंग सगळ्यांना कळतो. त्याच संध्याकाळी, सगळे दमल्यावर, एका मोठ्या प्रकल्पाचा करार आणखी तीन वर्षं वाढवायचा विषय आला. तो पाच मिनिटांत मंजूर झाला. त्या करारातल्या एका अटीने नंतर आमचं कंबरडं मोडलं. ती अट मी वाचली होती. बाकीच्यांनी, मी वाचली आहे म्हणून, वाचली नव्हती.

एकमताचा एक गुण आम्हाला कुणी आधी सांगितला नव्हता: जो जास्त वेळ बसू शकतो, तो जिंकतो. प्रशिक्षण बघणाऱ्या मैत्रिणीचं मूल लहान होतं. तिला सहाला निघावंच लागे. मोठे निर्णय साडेसहाला व्हायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला निर्णय कळवायचो आणि ती म्हणायची, "ठीक आहे." आम्ही ते 'ठीक आहे' एकमतात धरायचो. इतकं उघड होतं ते, आणि कित्येक महिने कुणाला दिसलं नाही. तिला दिसत असणार. तिने सांगितलं नाही, कारण सांगायची जागाही मंगळवारची बैठकच होती.

फील्डवरून पहिली तक्रार आली ती एका तरुण कार्यकर्तीकडून. तिने रजेचा अर्ज पाचही जणांना पाठवला होता, कुणी दुखावू नये म्हणून. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, दुसरा उत्तर देईल. तीन आठवडे गेले. रजेचे दिवस उलटून गेल्यावर ती ऑफिसात आली. आवाज चढवला नाही. "पूर्वी ताईंना विचारायचो. त्या नाही म्हणायच्या कधी कधी, पण म्हणायच्या तरी. आता कुणाला विचारायचं?" तिच्या मागे उभा असलेला ड्रायव्हर पुटपुटला, "पूर्वी एक साहेब होत्या, आता पाच झालेत."

मी घरी जाऊन खूप वेळ जागी होते. आम्ही उतरंड मोडली असं आम्हाला वाटत होतं. खालून बघणाऱ्याला उतरंड तशीच दिसत होती, फक्त वरचं मडकं कोणतं ते कळेनासं झालं होतं.

आठव्या महिन्यात आम्ही बाहेरच्या एका सुलभकाला, म्हणजे चर्चा नीट घडवून आणणाऱ्याला, बोलावलं. माझी अपेक्षा होती की तो मूल्यांवर, विश्वासावर वगैरे बोलेल. त्याने कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेनं वाटली आणि सांगितलं, मागच्या दोन महिन्यांत संस्थेत झालेला प्रत्येक निर्णय एकेका चिठ्ठीवर लिहा. छोटा असो, मोठा असो. मग प्रत्येक चिठ्ठीमागे तीन गोष्टी लिहायच्या: विषय कुणी मांडला, कच्चा मसुदा कुणी केला, आणि बैठकीआधी त्याबद्दल कोण कुणाशी बोललं होतं. 'कुणी ठरवलं' हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. त्याचं उत्तर आम्ही 'सगळ्यांनी' असं दिलं असतं, आणि खोटं बोलतोय असं आम्हाला वाटलंही नसतं.

चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या तेव्हा खोलीत कुणी बोलेना. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांच्या मागे माझं नाव होतं. विषय मी मांडलेला, मसुदा मी लिहिलेला, आदल्या रात्री दादांशी फोनवर मीच बोललेली. निधी देणारे मला फोन करायचे, कारण मी लगेच उत्तर द्यायचे. त्यामुळे पैशांची बातमी आधी मला कळे. बातमी आधी कळली की विचार आधी होई. विचार आधी झाला की मसुदा माझा. आणि दमलेल्या पाच माणसांत ज्याच्या हातात मसुदा असतो, त्याच्या बाजूला निर्णय झुकतोच. यात मी कुठेही कपट केलं नव्हतं. तरीही भिंतीवर जे होतं ते होतं.

बारभाईंच्या गोष्टीचा गाळलेला भाग आता सांगते. बारभाईंत नावं बरीच होती, पण काही वर्षांत कारभार एकट्या नाना फडणवीसांच्या हातात आला. कागद त्यांच्याकडे, बातमीदार त्यांचे. आमच्या बारभाईतले नाना फडणवीस कोण, ते भिंतीवर लिहिलेलं होतं.

दादा सावकाश म्हणाले, "आम्हालाही ते सोयीचं होतं, बाई." ते वाक्य मला त्या दिवशी दिलासा वाटलं. आता वाटतं, त्या दिवसातली सगळ्यात कडवट गोष्ट तीच होती.

जो फ्रीमन या अमेरिकन कार्यकर्तीने हे १९७० मध्येच सांगून ठेवलेलं होतं, स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांकडे बघून. ज्या गटात आपण म्हणतो की रचना नाही, तिथेही रचना असतेच; फक्त ती मैत्रीच्या नात्यांत लपते, आणि लपलेली असल्याने तिला कुणी जाब विचारू शकत नाही. फ्रीमनचा उपाय 'पुन्हा एक प्रमुख नेमा' हा नव्हता. कामं ठरावीक माणसांना गटाने उघडपणे सोपवावीत, ती माणसं गटाला उत्तरदायी असावीत, कामं फिरत राहावीत आणि माहिती सगळ्यांपर्यंत पोचावी, असं तिचं म्हणणं होतं. हे मी पूर्वी वाचलं होतं. एका प्रशिक्षणात शिकवलंही होतं! स्वतःच्या संस्थेला लावून पाहायचं तेवढं राहिलं होतं.

पुढचे तीन महिने आम्ही कारभाराची घडी नव्याने घातली.

आधी निर्णयांची वाटणी केली. रजा, प्रवास, किरकोळ खरेदी यांचा निर्णय त्या त्या समन्वयकाने एकट्याने करायचा. कुणाला विचारायचं नाही, नंतर नोंद करायची. यात दादांना सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण 'नाही' म्हणण्याची जबाबदारी त्यांच्यावर एकट्यावर आली. दुसऱ्या प्रकारात निर्णय एकाचाच, पण ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आधी विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. उरलेले थोडे, म्हणजे नवा प्रकल्प, मोठा करार, नोकरीवरून काढणं, पगाराची रचना, असे पाचांनी मिळून घ्यायचे. ही यादी भिंतीवर लावली आणि फील्डवर पाठवली. त्या तरुण कार्यकर्तीने ती वाचून एवढंच विचारलं, "म्हणजे रजेचं दादांना. बरं." वर्षभराच्या चर्चेला मिळालेली ही पावती.

मग एकमताचा प्रश्न. इथे आम्हाला डच अनुभव उपयोगी पडला. केस बूके या शिक्षणतज्ज्ञाने १९२६ मध्ये नेदरलँड्समध्ये एक शाळा काढली. शाळेचा कारभार मुलं आणि शिक्षक एकत्र बसून, बहुमताने न ठरवता चालवत. त्याच शाळेत शिकलेला जेरार्ड एंडेनबर्ग हा अभियंता. पुढे आपल्या घरच्या विद्युतकामांच्या कंपनीत त्याने ही पद्धत नियमांत बसवली. तिला सोशिओक्रसी म्हणतात. तिचं मर्म एका फरकात आहे. 'हे तुम्हाला पसंत आहे का?' असं विचारायचं नाही. 'याला तुमची सकारण हरकत आहे का?' असं विचारायचं. हरकत म्हणजे या निर्णयाने आपल्या कामाचं नुकसान होईल, आणि ते कसं हे मी सांगू शकते. नुसतं 'मला यापेक्षा दुसरं आवडलं असतं' ही नापसंती. नापसंतीची नोंद होते, पण तिने निर्णय अडत नाही. हरकत आली तर मात्र प्रस्ताव बदलल्याशिवाय पुढे जात नाही. कुणाचीच हरकत उरली नाही की निर्णय 'संमतीने' झाला; सगळ्यांना तो पसंत असायलाच हवा, म्हणजे एकमत हवं, असं नाही.

ऐकायला हा शब्दच्छल वाटतो. पहिल्याच बैठकीत अहवालाचा रंग सात मिनिटांत ठरला. हिरव्या रंगाने कुणाच्याच कामाचं नुकसान होत नव्हतं.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांची एक रीत आम्ही उचलली. त्यांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसतं; नोंद ठेवणारी व्यक्ती सभेचा कल ओळखून इतिवृत्त तिथल्या तिथे लिहिते, वाचून दाखवते, आणि सभेने ते मान्य केलं तरच निर्णय झाला असं धरतात. आमची इतिवृत्तं पूर्वी मी रात्री घरून लिहायचे. त्यात चुका नसायच्या, पण कुठल्या वाक्याला पहिली जागा द्यायची ते मी ठरवायचे. आता लिहिणारा दर महिन्याला बदलतो आणि विषय संपला की लगेच वाचून दाखवतो. पहिल्या महिन्यात हे काम दादांकडे होतं. त्यांनी लिहिलेलं एक इतिवृत्त दोन ओळींचं होतं आणि दोन्ही बरोबर होत्या.

आणखी एक गोष्ट घेतली ती मेंढा-लेखा या गडचिरोलीतल्या गावाकडून. ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेणारं म्हणून ते गाव सर्वांना माहीत आहे. तिथल्या अभ्यासगटाकडे मात्र पाहुण्यांचं कमी लक्ष जातं. तिथे समजून घेण्याची बैठक वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. आम्ही दोन्ही एकाच मंगळवारी उरकत होतो. ज्याला विषय आज कळतोय आणि ज्याने महिनाभर त्यावर विचार केलाय, त्या दोघांना एकाच टेबलावर बसवून 'बोला' म्हणणं म्हणजे आधीच विचार केलेल्याच्या हाती निर्णय देणंच. आता करार, अंदाजपत्रक, नवा प्रकल्प या गोष्टी आधी अभ्यासाच्या बैठकीत येतात. तिथे ठराव करायला बंदी. आणि तिथे कुणीही येऊन बसू शकतं; ड्रायव्हर दोनदा आला, एकदा त्याने वाहनांच्या देखभालीच्या आकड्यांतली आमची चूक काढली.

आर्थिक बाजू बघायला पाचांतून एकजण निवडायचा होता. पूर्वीच्या रीतीने ते माझ्याकडेच आलं असतं. आम्ही खुली निवड केली: प्रत्येकाने एकाचं नाव आणि ते का, हे सगळ्यांसमोर सांगायचं, मग दुसऱ्या फेरीत, ऐकलेल्या कारणांवरून, हवं तर नाव बदलायचं. पहिल्या फेरीत दोघांनी माझं नाव घेतलं. दुसऱ्या फेरीत माझं नाव कुणीच घेतलं नाही. निवड झाली ती फील्डच्या धाकट्या समन्वयकाची, सगळ्यात कमी बोलणाऱ्याची. कारण मैत्रिणीने सांगितलं: "तो आकडा विचारतो, आणि कळला नाही तर कळला नाही म्हणतो." तो घाबरून म्हणाला, मला ताळेबंद वाचता येत नाही. बारभाईंचा टोमणा मारणाऱ्या विश्वस्तांनी त्याला दर शनिवारी दोन तास, सहा महिने शिकवलं. रात्री फोन कुणाला करायचा, ते त्यांना आता ठाऊक होतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, जमलं की सगळं. खरा घाट पुढेच होता.

पाचवा सहकारी, दस्तऐवजीकरण बघणारा. त्याचं काम होत नव्हतं. अभ्यास अर्धवट राहत होते, तारखा चुकत होत्या, आणि त्याची कारणं खरी आणि दुःखाची होती. ती इथे सांगणार नाही. नेहमीच्या संस्थेत संचालकाने त्याला खोलीत बोलावलं असतं. इथे बोलावणार कोण? तो आमचा वरिष्ठ नव्हता, कनिष्ठ नव्हता. पंधरा वर्षांचा मित्र होता. चौघांपैकी प्रत्येकाने त्याचं थोडं थोडं काम स्वतःकडे ओढून घेतलं आणि त्याबद्दल एकमेकांशीही बोललो नाही. असे चार महिने गेले. त्याच्याच हाताखालच्या मुलीने राजीनामा दिला तेव्हा आम्ही टेबलाशी बसलो.

सामूहिक नेतृत्वावर लिहिणारे बरेचजण हा विषय उंबऱ्यावरच सोडून देतात असं माझं मत झालं आहे. अधिकार वाटून घेता येतो. तोंडावर बोलायचं अवघड काम वाटून घेता येत नाही. ते एका माणसानेच, दुसऱ्या माणसाच्या समोर बसून करावं लागतं. आमच्याकडे त्याची जागाच केलेली नव्हती. मग केली. पाचांपैकी प्रत्येकाचा वर्षातून एकदा आढावा. त्याच्यासोबत काम करणारे दोन कार्यकर्ते, पाचांतला एक आणि मंडळातला एक असे चौघे तो घेतात. काय बरं चाललंय, काय नाही आणि पुढच्या सहा महिन्यांत काय बदलायचं, हे लेखी. पहिला आढावा माझा झाला, मीच मागून घेतला. त्यात एक वाक्य होतं: 'सल्ला विचारतात, पण उत्तर ठरलेलं असतं.' ते कुणी लिहिलं हे मला अक्षरावरून कळलं आणि मी गप्प राहिले. हे गप्प राहणं मला आलं, याची मला अजूनही नवलाई वाटते.

त्याचा आढावा दुसरा झाला. पाचांतून समोर बसायची पाळी मैत्रिणीची होती. तिने सांगितलं, नीट आणि हळू. त्याला सहा महिने दिले, काम कमी करून दिलं. सहा महिन्यांनी तो स्वतःच बाहेर पडला. गोष्ट गोड झाली नाही. निरोपाच्या वेळी तो मला म्हणाला, "ताई असत्या तर त्यांनी मला पहिल्याच महिन्यात झापलं असतं. मी सुधारलो असतो कदाचित." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. त्याचं म्हणणं चूक होतं असं मी कुठल्याही बैठकीत सिद्ध करू शकणार नाही.

ताईंचंही सांगायला हवं. थांबल्यानंतर सातव्या महिन्यात त्या सहज म्हणून ऑफिसात आल्या. सगळे त्यांच्याभोवती. कुणीतरी एका केंद्राच्या जागेबद्दल विचारलं आणि त्या म्हणाल्या, "तिथे कशाला? जुनी जागा बरी होती की." झालं. आमचा दोन महिन्यांच्या चर्चेतून झालेला निर्णय त्या एका वाक्याने आडवा झाला. दुसऱ्या दिवसापासून फील्डवर 'ताईंचं म्हणणं आहे' सुरू. मी आणि दादांनी मिळून त्यांना पत्र लिहिलं. चार मसुदे झाले. शेवटच्यात एवढंच उरलं की तुमचं मत आम्हाला हवं आहे, पण ते आमच्या अभ्यासाच्या बैठकीत येऊन सांगा, व्हरांड्यात नको. उत्तर आलं नाही. वर्षभर त्या आल्याच नाहीत. नंतर कळलं, पत्र त्यांनी विश्वस्तांना दाखवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "बघा, लिहायला शिकले." हे रागाने म्हटलं की कौतुकाने, यावर त्या विश्वस्तांचंही नक्की मत नाही.

पगाराचा प्रश्न लवकर सुटला, कारण मंडळाने तो सोडवून घेतला: नेतृत्वाच्या जबाबदारीसाठी पाचांना सारखाच भत्ता, गटातून बाहेर पडलं की भत्ता बंद. एक मात्र लक्षात आलं. ताई जवळजवळ काहीच घेत नसत. एकोणीस वर्षं संस्थेने नेतृत्वाचा खर्च भरलेलाच नव्हता, आणि आम्ही तो मागितल्यावर काहींना आम्ही लोभी वाटलो.

बाहेरच्या जगाला मात्र शेवटपर्यंत एकच नाव हवं असतं. बँकेला सह्या हव्यात, सरकारी अर्जाला पदनाम हवं, कायद्याने जबाबदार धरायला विश्वस्त हवेत. याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. आम्ही दरवर्षी एकाला 'प्रतिनिधी' करतो. बाहेर त्याचं नाव, आत त्याला तसूभरही जास्त अधिकार नाही. बहुतेक निधीदारांना चाललं. एकाने पुढचा हप्ता थांबवला आणि हळूच काढता पाय घेतला. आणि पाहुणे, प्रतिनिधी कुणीही असो, खोलीत शिरल्यावर दादांकडेच वळून बोलतात. दादांनी त्यावर तोड काढली आहे. प्रश्न आला की ते छताकडे बघतात.

अठरा महिन्यांनी मंडळाने मुदत वाढवली. गटातल्या दोघांनी दर दोन वर्षांनी बाहेर पडायचं, हेही ठरलं. पहिल्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी निघाली. मी आता परत प्रस्ताव लिहिते, फक्त प्रस्ताव. माझ्या जागी आली ती रजेचा अर्ज पाच जणांना पाठवणारी कार्यकर्ती.

मागच्या महिन्यात नव्या गटासमोर विषय होता, एक वाचनाचा उपक्रम बंद करण्याचा. तो मी बारा वर्षांपूर्वी सुरू केलेला. अभ्यासाच्या बैठकीत आकडे आले. मुलं कमी होत गेली होती, शाळांनी स्वतःची सोय केली होती. मी निर्णयाच्या बैठकीला मुद्दाम गेले आणि बराच वेळ बोलले. कुणी मध्ये तोडलं नाही. बोलून झाल्यावर माझ्या जागी आलेली ती कार्यकर्ती मला म्हणाली, "ताई, ही हरकत आहे की नापसंती?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ते संपेपर्यंत मी थांबले.

"नापसंती," मी म्हटलं.

तिने लिहिलं, आणि लगेच वाचून दाखवलं: उपक्रम चालू वर्षाअखेर बंद करावा, पुस्तकं शाळांना द्यावीत, असं एकमताने ठरलं. मी हात वर केला. "एकमताने नाही. संमतीने." तिने शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, पुन्हा वाचला आणि पुढचा विषय घेतला.